‘ऑर्गन द्यायचा आहे’

मी ऑर्गन बोलतोय. पायपेटी म्हणू नका. पायपेटी म्हटलं की मी बाई होतो, आणि या वयात मला ते झेपायचं नाही. दिसायला मी लहानसं कपाट. पुढे काळ्यापांढऱ्या पट्ट्या, खाली दोन पायडलं, पोटात भाता. पायांनी भाता चालवा, हातांनी पट्टी दाबा, मी बोलतो. पाय थांबले की मी गप्प. एवढं साधं आहे, तरी लोक येतात आणि विचारतात, “याला प्लग कुठंय?”

आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. माझ्याकडे हसत येणारा माणूस एकतर माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवतो, नाहीतर “हल्ली याचे किती येतात हो?” असं विचारतो. दोघांचीही चाल मला लांबून कळते.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. कपाळावर सोनेरी इंग्रजी अक्षरं होती, त्यातली निम्मी पुसून गेली. उरलेली मला वाचता येत नाहीत. शाळेत होतो, नाही असं नाही. नाशकातल्या एका शाळेत बरीच वर्षं काढली. पण प्रार्थनेपुरता. प्रार्थना झाली की पोरं वर्गात आणि मी व्हरांड्यात. त्यामुळे माझं शिक्षण हात जोडण्याच्या पुढे गेलं नाही. पुढे शाळेला स्पीकर मिळाला आणि मला पंचवटीतल्या एका नाटक मंडळाला देऊन टाकलं. ‘देऊन टाकलं’ हा शब्द तेव्हापासून माझ्या पोटात बसलाय.

मंडळ संगीत नाटकं करायचं. त्यांचा एक रिवाज होता, अजूनही आहे. पडदा उघडायच्या आधी नारळ फुटतो आणि पहिला हार ऑर्गनला पडतो. नटाला नंतर, पाहुण्याला त्याच्या नंतर. खोटं कशाला बोलू, त्या हारासाठी मी बाकीचं सगळं सोसलं. अगदी खलनायकाचं गाणंसुद्धा.

हार यायचा गोजराबाईकडून. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं पहाटे पंचवटीत आणून बसणारी बाई. शेवंतीचा हार असा गच्च गुंफायची की नाटक संपेस्तोवर एक फूल गळायचं नाही. एका संध्याकाळी तिच्याऐवजी तिचा विशीतला मुलगा हार घेऊन आला. नाव झुंबर. उंच, काळा, पायात चिखल. मळ्यात पाणी भरून तसाच आला होता.

त्या दिवशी आमच्या मास्तरांच्या गुडघ्यात वातानं ठाण मांडलेलं. मास्तर म्हणजे तेव्हाचे माझे वाजवणारे. पाय उचलेना, आणि बाहेर प्रेक्षक टाळ्या वाजवून नाटक सुरू करा म्हणतायत. मास्तरांनी हार घालणाऱ्या झुंबरकडे बघितलं.

“ए माळ्याच्या, सायकल चालवतोस?”

“व्हय.”

“बस इथं. पाय तू मार, हात माझे.”

चिखलाचे पाय माझ्या पायडलांवर! मी मनात म्हटलं, झालं, आज भाता फाटतो. पण त्या पायांनी मला असं काही धरलं, की नांदीचा पहिला सूर निघाला तेव्हा मीच चमकलो. सूर उठला, मोठा झाला, गाणाऱ्याच्या गळ्याखाली जाऊन अलगद बसला. ऑर्गनचं गुपित हातात नसतं. हात फक्त कुठला सूर ते सांगतात. तो सूर रडेल की ओरडेल, ते पाय ठरवतात. मास्तरांनी मान वळवून बघितलं. तरी मी संशय सोडला नाही. पहिल्या दिवशी सगळेच चांगलं वागतात.

झुंबर दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला. कित्येक महिने तो नुसता पाय होता. मग मास्तरांनी डावा हात दिला, मग उजवा. मास्तर गेले तेव्हा सगळं झुंबरचं झालं, मीसुद्धा. मंडळानं मला त्याच्या हवाली केलं. तेव्हाही शब्द ‘देऊन टाकला’ हाच.

त्यानंतर झुंबरचं जे झालं ते नाशकात सगळ्यांना ठाऊक आहे. नाटकाला साथ करता करता गायकांनी त्याला ओढलं, मग लोक म्हणाले गायक बाजूला राहू दे, याचंच वाजवणं ऐकू. कालिदास नाट्यगृहात त्याचा पहिला एकट्याचा कार्यक्रम झाला. स्टेजवर मी आणि तो, मागे काळा पडदा. मला वाटलं लोक मध्यंतरात पळतात. नाही पळाले. पुढे पुणं, इंदूर, गोवा. टेम्पोत मला गोधड्यांत गुंडाळून न्यायचे. प्रत्येक गावात एक शाल, एक नारळ आणि एक भाषण. भाषण करणारा हमखास म्हणायचा, “काय हात आहेत यांचे!” मी आणि झुंबर खाली गालात हसायचो. पायांचं कुणी नाव काढायचं नाही.

एकदा तो परदेशात गेला. मला न घेता. तिकडच्या एका मोठ्या देवळात भिंतीएवढा ऑर्गन होता म्हणे, त्यावर वाजवायला. परत आल्यावर बायकोला सांगत होता, “लय मोठा सूर गं. छातीत घुमतो. पण भाता विजेवर चालतो.” मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही. काळी एकची पट्टी दाबली की मुद्दाम शिट्टी काढायचो. त्यानं मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, “हवा बदललीय.” हवा नाही, माणूस बदलला की काय, अशी मला शंका होती.

आता बायकोचं सांगतो. ललिता. नांदगावची. दाणेवाल्याची मुलगी. लग्न होऊन आली आणि तिनं माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काढलं, “हे शिलाई मशीन एवढं मोठं का?” स्वतः शिलाई मशीन घेऊन आली होती. पायाचं. मला बाहेरच्या खोलीत एका भिंतीला उभं केलेलं, मशीन दुसऱ्या भिंतीला. सकाळी झुंबर माझ्यावर बसायचा, ती तिच्या मशीनवर. इकडे पाय, तिकडे पाय. मशीनची खडखड मुद्दाम माझ्या आलापात घुसते अशी माझी खात्री होती. तिचीही काहीतरी खात्री होतीच. झाडताना माझ्या पायडलांवर केरसुणी आपटायची आणि म्हणायची, “सरक गं सवते.”

सवत! पुन्हा बाई केलं.

मुलगी झाली, भाग्यश्री. गोजराबाई म्हातारी झाली, मळा भाच्यांकडे देऊन आमच्याकडे राहायला आली. माझ्याजवळ खुर्ची टाकून दिवसभर फुलं गुंफत बसायची. सगळं बरं चाललं होतं. बरं चाललं की मला शंका येते.

शंका खरी झाली ती पायांतून. झुंबरचे पाय मी डोळे मिटून ओळखतो. एके दिवशी ते जड आले. जणू ओल्या पोत्यात घालून आणलेत. भात्याला हवा पुरेना, सूर मधेच खाली बसू लागला. चार महिने हे वाढत गेलं. वहाण काढली की पायावर पट्ट्याचा खोल वळ. मला दुसरंच वाटलं. मला वाटलं हा कुठंतरी दुसऱ्या ऑर्गनवर पाय झिजवून येतो आणि माझ्याकडे उरलेसुरले आणतो. मग तो मंगळवारी आणि शुक्रवारी भाग्यश्रीच्या स्कूटीवर मागे बसून जायला लागला. “डायलिसिसला चाललो,” म्हणायचा. मी म्हटलं असेल कुठलं तरी गाव. दुपारी परत यायचा तो पिळून काढलेल्या फडक्यासारखा, आणि सरळ झोपायचा. वाजवून दमलाय, दुसरं काय?

त्यात भाग्यश्रीनं घरात कीबोर्ड आणला. पाटाएवढा जाड, प्लगवाला. “बाबा, पायाला त्रास नको. यावर नुसती बोटं चालवा.” झुंबरनं दोन दिवस चालवली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “याला श्वासच नाय गं,” आणि कीबोर्ड कपाटावर ठेवून दिला. मला बरं वाटलं. पण घरात नवीन माणूस आणला की जुन्याचं पुढं काय होतं, हे मी शाळेत स्पीकर आला तेव्हा शिकलोय.

आणि मग ते फोन सुरू झाले.

भाग्यश्री माझ्याच शेजारी उभी राहून बोलत होती. “हो मॅडम, ऑर्गन घरातलाच आहे. बाहेरचा नाही… वय? अठ्ठेचाळीस.”

अठ्ठेचाळीस! शंभरी कधीच उलटलीय माझी. पण विकताना वय चोरतात, हे मला माहीत होतं.

“नाही नाही, पैशाचा काही संबंध नाही. स्वखुशीनं देतोय… हो, सगळ्या तपासण्या झाल्या. ऑर्गन एकदम व्यवस्थित आहे.”

तपासण्या? कधी केल्या? मी झोपेत होतो की काय? आणि पैसे नाहीत म्हणजे? विकतसुद्धा नाहीत मला, फुकट! माझ्या भात्यातली उरलीसुरली हवा तिथंच गेली.

खुर्चीवर गोजराबाई बसली होती. तिच्या हातातली सुई थांबली. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मी म्हातारीकडे. घरात आम्ही दोघंच सर्वांत जुने.

त्या दिवसापासून दुसरं बोलणं नाही. जेवताना ऑर्गन, चहाला ऑर्गन. एकदा झुंबर चिडून म्हणाला, “ऑर्गन द्यायचा नाही. मी नाही म्हटलं ना? विषय बंद.”

शाब्बास! माझा माणूस!

ललिता ताटं वाढत होती. शांतपणे म्हणाली, “अहो, ऑर्गन दिला तरच तुम्ही वाजवाल.”

ही कुठली अक्कल? ऑर्गन देऊन टाकल्यावर हा वाजवणार काय, ताट?

“आणि तुझं काय?” झुंबर म्हणाला.

“माझं काय व्हायचंय? आहे तशी मशीनवर बसेन.”

म्हणजे मी गेलो की हिच्या मशीनला अख्खी खोली! एवढ्या वर्षांचा डाव. झुंबर बराच वेळ भात चिवडत बसला. त्याचे सुजलेले पाय पाटावर होते. ललिता त्यांच्याकडेच बघत होती. मग तो हळूच म्हणाला, “बरं. द्या.”

द्या! ज्याला मी चिखलाच्या पायांनी आला तेव्हा सांभाळून घेतलं, तो म्हणतो द्या. मी त्या दिवशी ठरवलं, आता या घरात पुन्हा सूर द्यायचा नाही. तसंही कुणी मागत नव्हतं.

गोजराबाईनं मात्र हात टेकले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची सोडून माझ्या बाकावर बसू लागली. काठी आडवी, पाठ मला टेकलेली. फुलं तिथंच, चहा तिथंच. भाग्यश्री म्हणाली, “आजी, खुर्चीवर बस ना, पाठ दुखेल.” म्हातारी म्हणाली, “दुखू दे. मी हितून हलनार नाय.” माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी असं कुणी बसलं नव्हतं. तरी मी पूर्ण विश्वास ठेवला नाही. पण निम्मा ठेवला.

एके सकाळी दारात टेम्पो थांबला. ललिताचा भाऊ गोरक्ष उतरला, दोन हमाल घेऊन. दोर, गोधड्या.

“चला, उचला रे,” गोरक्ष म्हणाला. “मावशी, जरा सरका.”

“माझ्या पोराचा ऑर्गन कोन नेतंय, बघते!” गोजराबाईनं काठी जमिनीवर आपटली. “हात तर लाव!”

“अहो मावशी, टेम्पो गल्लीत आडवा उभाय. मागं भाजीवाले हॉर्न मारून राहिलेत.”

“मारू दे. तू बी मार. ललिते! ये भाईर!”

ललिता कणकेच्या हातानं आली. झुंबर आतल्या खोलीत झोपलेला. भाग्यश्री दारात.

“सवत सवत म्हनत शेवटी काढलंस का घराभाईर? पोरगं आजारी पडलं ते साधून?”

“आत्या, तुम्ही समजताय तसं नाही.” सासूला ती आत्या म्हणते.

“मग कसं? मी भैरी नाय. महिना झाला ऐकून राहिले, ऑर्गन द्यायचा, ऑर्गन द्यायचा. सोखुशीनं म्हनं! लय आली सोखुशीवाली! तुझ्या आयबापानं आंदन दिलावता का हा ऑर्गन?”

ललितानं कणकेचा हात पदराला पुसला आणि कमरेवर ठेवला. तिला हसू आलं की रडू, मला कळलं नाही. मला चेहऱ्यातलं कमी कळतं, पायातलं कळतं. तिच्या पायाचा अंगठा फरशीत रुतला होता.

“हो आत्या,” ती म्हणाली. “आईबापांनीच दिलाय. दोन दिलेत. त्यातला एक यांना देतेय.”

गल्लीतला हॉर्नसुद्धा थांबल्यासारखा झाला.

“दोन?” म्हातारी म्हणाली.

मग भाग्यश्री खाली बसली, आजीचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिसवर किती दिवस काढणार? आईची किडनी जुळतेय. मोठं ऑपरेशन आहे. “तू ऑपरेशनचं नाव काढलं तरी घाबरतेस, म्हणून दवाखान्यातच आमचं ठरलं, आजीसमोर किडनी म्हणायचं नाही, ऑर्गन म्हणायचं. इंग्रजीत तेच म्हणतात. आपल्या घरात ऑर्गन म्हटलं तर कुणाला काय कळणार?”

कुणाला काय कळणार! बरोबर आहे. म्हातारीला कळलं नाही आणि मलाही नाही. दोन शहाणी जुनी खोडं महिनाभर एकमेकांना टेकून पहारा देत होती.

“आणि याला नेतोय ते थोड्या दिवसांसाठी,” ललिता म्हणाली. “ऑपरेशननंतर घरात धूळ चालत नाही. डॉक्टर म्हणाले जुनं लाकूड, जुनं कापड, सगळं बाहेर काढा. माझं मशीनसुद्धा शेजारी दिलंय. गोरक्षच्या गोदामात राहील नांदगावला.”

ललिताच्या कमरेवरच्या हाताकडे बघत गोजराबाईनं विचारलं, “दुखंल का गं?”

“भागी झाली तेव्हापेक्षा कमीच.”

म्हातारी काठी टेकून उठली. ललिताच्या दंडाला धरून उभी राहिली, अंगानं तिच्या निम्मी होती. आणि मग माझ्याकडे वळून हमालांवर खेकसली, “मग हे कपाट काय करतंय मधी? उचला की! धूळ खाऊन राहिलंय निस्तं!”

बघा. महिनाभर पाठ टेकून बसलेली बाई. म्हणून मी निम्माच विश्वास ठेवतो.

नांदगावच्या गोदामात मला बाजरीच्या पोत्यांना खेटून ठेवलं. थोडे दिवस म्हणाले होते. माणसांचे थोडे दिवस मी ओळखून आहे. हमाल मला शिलाई मशीन म्हणायचे. एकानं माझ्यावर वजनकाटा ठेवला, दुसऱ्यानं डबा. उंदरानं मागून वास घेतला. हे सगळं चालतं. चालत नव्हतं ते एकच, खबर. गोरक्ष फोनवर बोलायचा, “दाजी बरे आहेत. ताई बरी आहे.” आता बरे आहेत हे लोक कुणाबद्दल म्हणत नाहीत? मास्तर गेले त्याच्या आदल्या दिवशीही बरेच होते. सांगणाऱ्याचा आवाज मोकळा आहे की घशात अडकलाय, ते मी कान देऊन ऐकायचो. कधी मोकळा वाटायचा, कधी नाही. एकदा गोरक्षनं दिवसभर फोन उचलला नाही, संध्याकाळी गोदाम न लावताच निघून गेला. तेव्हा मी धरून चाललो की पाय गेले.

तिथं अंधारात मला तिचं एक वाक्य पुन्हा पुन्हा आठवायचं. ‘ऑर्गन दिला तरच तुम्ही वाजवाल.’ मी त्याला अक्कल नाही म्हटलं होतं. उलटसुलट करून बघितलं, पण त्यात कुठं चूक सापडेना. शोधली मात्र बरीच.

पावसाळा गेला, बाजरीची पोती संपून मक्याची आली, आणि एक दिवस गोरक्षनं माझ्यावरचा वजनकाटा काढला. नाशकात मला आधी मिस्त्रीकडे उतरवलं. त्यानं भाता नवीन केला, एकेक सूर काढून पुसला. स्वच्छ झालो, पण भरवसा नव्हता. विकायच्या आधीही असंच पुसतात.

घरात ठेवलं. फरशी चकाचक, खोलीत औषधाचा वास. आतून एक माणूस आला. तोंडाला मास्क, केस पांढरे, अंगावर सदरा लोंबतोय. मी ओळखलं नाही. तो बाकावर बसला आणि पाय ठेवले.

ओळखले.

हलके झाले होते. वळ नव्हता, सूज नव्हती. विशीतलेच, फक्त चिखल कमी. त्यानं सा धरला. मी दिला. हो, द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण त्या वेळी आठवलं नाही.

पण पाय आतूनच थकलेले. थोड्याच वेळात भाता बसला. झुंबरनं पोटावर हात ठेवला. “नाय होत गं,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणतात पोटावर एवढ्यात जोर नको. पायाशिवाय हा वाजतच नाय. मंडळानं कार्यक्रमाला बोलावलंय, त्यांना नाही म्हणून कळव. दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं.”

मशीनची खडखड थांबली. ललिता उठली, आली, आणि बाकावर त्याच्या डाव्या बाजूला बसली. एवढ्या वर्षांत ती प्रथमच माझ्यावर बसत होती.

“सरका,” ती म्हणाली. “पाय मला मारता येतात. लग्नापासून मारतेय.”

पहिल्यांदा तिनं दोन्ही पाय दोन्ही पायडलांवर ठेवून मशीनसारखे दामटले. मला उचक्या लागल्या. झुंबर मास्कच्या आत हसायला लागला.

“अगं, ब्लाउज शिवायचा नाही!”

“मग नीट सांगा ना! मास्तर आहात ना मोठे?”

“एक पाय काढ. डावं पायडल तुझं, उजवं माझं. माझं खाली गेलं की तुझं वर.”

खुर्चीवरून गोजराबाई म्हणाली, “संसारात जमलं नाय, ते पायडलात कसं जमंल?”

जमलं. लगेच नाही. ती घाई करायची, तो मागे राहायचा, मी मधे कण्हायचो. भांडणं झाली. एकदा “घाला तुमची सवत चुलीत,” म्हणून ती उठूनही गेली. पण परत आली. मग एका सकाळी दोन पाय असे लागले की सूर कुठं जोडलाय ते मलाही सापडेना.

परवा मंडळाचा कार्यक्रम झाला. झुंबर बाकावर उजवीकडे, ललिता डावीकडे, नव्या साडीत घामाघूम. निवेदकानं झुंबरचं नाव घेतलं, ऑर्गनचं नाव घेतलं. नारळ फुटला. आता पहिला हार ऑर्गनला. मी ताठ झालो. गोजराबाई विंगेतून काठी टेकत आली, हातात शेवंतीचा हार, गच्च गुंफलेला. माझ्यासमोर आली. थांबली. आणि मला ओलांडून पुढे गेली.

हार तिनं ललिताच्या गळ्यात घातला.

“आवो आजी,” मंडळाचा अध्यक्ष कुजबुजला, “पहिला हार ऑर्गनला असतो.”

“मला रिवाज नको शिकवू,” म्हातारी मोठ्यानं म्हणाली. माईकनं ते सगळ्यांना ऐकवलं. “ऑर्गनलाच घातलाय.”

प्रेक्षकांत कुणाला कळलं नाही. झुंबरनं मान खाली घातली. तो हार माझा होता. रिवाजानं माझा, आणि आजवर एकदाही चुकला नव्हता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी शिट्टी काढली असती. पण तिनं डावं पायडल दाबलं, त्यानं उजवं, आणि मी नांदीचा सूर दिला. चांगला दिला.

कार्यक्रमानंतर एक माणूस स्टेजवर आला आणि झुंबरला म्हणाला, “काय हात आहेत तुमचे!”

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. हार नको, शाल नको, माझ्यावर चहाचा कप तर नकोच. फक्त कधी आमच्या वाजवण्याला आलात तर हातांकडे बघून टाळ्या वाजवू नका. मान थोडी खाली करा. पायडलांवर दोन पाय दिसतील. ते एका माणसाचे नाहीत.